विकत घेतलेली बंद लायब्ररी: एएआर जोडली की क्रॅश, आणि रेपो फुगतोय

प्रश्न
आमच्या अ‍ॅपसाठी बारकोड स्कॅनिंगची परवाना घेतलेली लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) आहे. सोर्स (मूळ कोड) मिळत नाही; अँड्रॉइडसाठी एएआर आणि आयओएससाठी एक्ससीफ्रेमवर्क, म्हणजे त्या त्या प्लॅटफॉर्मसाठी आधीच कंपाइल केलेली लायब्ररी, झिपमध्ये येतं. एएआर लिब्ज फोल्डरमध्ये टाकली. डीबग बिल्ड होतो, पण स्कॅनर उघडला की 'क्लास सापडला नाही' म्हणत अ‍ॅप बंद पडतं. दर आवृत्तीला गिट रेपोही (कोड ठेवण्याची जागा) जड होतोय. नीट पद्धत कोणती?

उत्तर १
एएआरमध्ये लायब्ररीचा स्वतःचा कोड असतो. तिला आणखी कोणत्या लायब्रऱ्या लागतात ती यादी मेव्हनच्या (लायब्रऱ्या साठवण्या-वाटण्याची पद्धत) पॉम फाइलमध्ये असते. एएआर नुसती फाइल म्हणून जोडली तर ग्रेडलला (अँड्रॉइड अ‍ॅप बिल्ड करणारं साधन) ती यादी दिसत नाही. म्हणून कंपाइल बिनबोभाट होतं आणि चालताना फसतं.

विक्रेत्याकडून पॉम मागा. मग नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारख्या खाजगी मेव्हन रेपॉझिटरीवर ग्रुप, नाव आणि आवृत्ती देऊन दोन्ही चढवा. गिटमधलं ओझंही तिथेच उतरतं. तो ग्रुप फक्त याच रेपॉझिटरीतून यावा असं सेटिंग्ज फाइलमध्ये बांधून ठेवा, नाहीतर त्याच नावाचं परकं पॅकेज बाहेरून येऊ शकतं. विक्रेत्याने त्याच क्रमांकाखाली दुरुस्त फाइल पाठवली तरी तुम्ही क्रमांक वाढवाच, कारण ग्रेडल कॅशमधली जुनीच फाइल वापरत राहतं.

प्रश्नकर्ता
पॉम नाही म्हणतात.

उत्तर १
मग एएआर उघडा (ती झिपच असते), आतल्या क्लासेस जारवर (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) जेडेप्स, म्हणजे कोडला काय काय लागतं ते दाखवणारी जावाची कमांड, चालवा. 'नॉट फाउंड' दिसणारी पॅकेजेस पाहा. अँड्रॉइडची स्वतःची वगळली की उरतात त्या हरवलेल्या लायब्रऱ्या. त्यांचा पॉम हाताने लिहा. आवृत्त्या मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या, अंदाजाने टाकू नका. रिलीझ बिल्डमध्ये आर८ (कोड लहान करणारं साधन) हरवलेले क्लास दाखवून अडतं, तेव्हा 'डोंटवॉर्न' (इशारे दाबणारा नियम) लिहून त्याचं तोंड बंद करू नका. क्रॅश तसाच ग्राहकापर्यंत जातो.

उत्तर २
आयओएससाठी झिप सर्व्हरवर ठेवा आणि स्विफ्ट पॅकेजमध्ये बायनरी टार्गेट (तयार कंपाइल केलेली लायब्ररी) म्हणून पत्ता व चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळणारा आकडा) द्या. झिप पुन्हा बांधली की चेकसम बदलतो. फ्रेमवर्क स्टॅटिक (अ‍ॅपच्या कोडमध्येच मिसळणारं) की डायनॅमिक (अ‍ॅप चालताना वेगळं लोड होणारं) हे फाइल कमांडने आधी बघा. डायनॅमिक असेल आणि हाताने जोडत असाल तर 'एम्बेड अँड साइन' हवंच, नाहीतर अ‍ॅप सुरू होतानाच 'लायब्ररी नॉट लोडेड'. स्विफ्टमध्ये लिहिलेली असेल तर आत स्विफ्टइंटरफेस फाइल (वेगळ्या कंपायलर आवृत्तीलाही वाचता येणारं लायब्ररीचं वर्णन) आहे का पाहा. नसेल तर एक्सकोड बदलला की इम्पोर्टच होणार नाही.

उत्तर ३
एक राहिलं. एएआरमध्ये नेटिव्ह एसओ फाइल (सी/सी++ मधून कंपाइल केलेला कोड) असेल तर ती १६ केबी पेज साइजवर (मेमरीच्या तुकड्याचा आकार) चालते का याची तपासणी करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यांना टार्गेट करणारी नवी अ‍ॅप्स व अपडेट्स यांना गूगल प्लेवर हे बंधन आहे. सोर्स नसल्याने फाइल नव्याने कंपाइल करणं फक्त विक्रेत्याच्याच हातात, त्यामुळे नूतनीकरणाच्या करारातच ही अट घाला. मॅनिफेस्ट (अ‍ॅपच्या परवानग्या वगैरेंची फाइल) मर्ज होताना लायब्ररीने कोणत्या परवानग्या आणल्या तेही अँड्रॉइड स्टुडिओच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅबवर बघा. नको ती परवानगी 'टूल्स नोड रिमूव्ह' लिहून काढता येते, पण काढल्यावर स्कॅनर प्रत्यक्ष चालवून खात्री करा.