रोमन ब्राँझ नाणं: दोन सैनिकांचं चित्र आणि हिरवी पूड

पंचगंगाकाठ: व्यास 17 मिमी, गुजरीतल्या (सराफ बाजार) काट्यावर वजन 2.38 ग्रॅम. मागे समोरासमोर दोन सैनिक, भाला-ढालीसह. मध्ये दोन काठ्या. पुढे पानांचा मुकुट घातलेला चेहरा, त्याभोवतीच्या अक्षरांतलं '…युन नोब सी' एवढंच लागतं. पावसाळ्यात दोन जागी फिकट हिरवी पूड धरलीय. चिंचेनं घासू का? नाणं ब्रह्मपुरीचं, म्हणजे कोल्हापुरातल्या उत्खननाच्या जागेचं, असेल का?

टाकसाळ: त्या काठ्या म्हणजे लष्करी निशाणं. मागच्या बाजूचा लेख 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', म्हणजे सैन्याचा गौरव. दोन निशाणं असली की काळ साधारण इ.स. 330 ते 335. पुढे वजन दीड-पावणेदोन ग्रॅमवर आलं, नाणं आक्रसलं आणि मध्ये एकच निशाण उरलं. म्हणून आधी निशाणं मोजायची, मग वजन ताडून बघायचं. 'युन नोब सी' म्हणजे धाकटा, सीझर (सम्राटाच्या हाताखालचा युवराज): दुसरा कॉन्स्टंटाइन. वडिलांच्या, म्हणजे सम्राट पहिल्या कॉन्स्टंटाइनच्या नाण्यावर 'मॅक्स ऑग' येतं. सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखाली टाकसाळीची खूण असते. इथे हमखास चूक होते: 'कॉन्स' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, पण 'कॉन्स्ट' असं 'टी'सकट आणि आधी 'पी' किंवा 'एस' असेल तर ते फ्रान्समधलं आर्ल.

गंज-वैद्य: चिंच नको! आम्लाने मूळ थर जातो, अक्षरंही जातात. आधी लाकडी टूथपिकने टोकरून बघा. कडक, गुळगुळीत हिरवं असेल तर तो जुना थर, त्याला हात लावू नका. पूड सुटून खाली खड्डा दिसला तर क्लोराइडचा रोग. दमट हवेत तो आतून धातू खात जातो. सुईने भिंगाखाली पूड काढा. नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, काही आठवडे. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. नंतर ॲसिटोनमध्ये बुडवून पूर्ण वाळवा; खिडकी उघडी, जवळ आग नको. लगेच मेण लावू नका, आत ओल राहिली तर रोग मेणाखाली चालूच राहतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत महिनाभर ठेवून बघा. नवी पूड आली नाही तरच मेण.

पंचगंगाकाठ: पूड सुटली, खाली खड्डा आहे. सध्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवलंय.

गंज-वैद्य: पीव्हीसीचा अल्बम असेल तर आजच काढा, तो तांब्याला चिकट हिरवा करतो. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घ्या. कोल्हापूरच्या जुलैत डबा वरचेवर उघडू नका.

टाकसाळ: ब्रह्मपुरीबद्दल: कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधला पोसायडन (ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती) तिथलाच, पण तो या नाण्याच्या बराच आधीचा. चौथ्या शतकातली अशी ब्राँझ नाणी तमिळनाडू आणि श्रीलंकेत जास्त मिळतात. सापडल्याची जागा नोंदलेली नसेल तर ब्रह्मपुरीचं नाव जोडू नका.