मागच्या ब्रेकला लाइट कधी लागतो, कधी नाही: स्विच बदलू की वायरिंग बघू?

चेनकव्हर:
गाडी १२५ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम. हाताचा ब्रेक दाबला की ब्रेकलाइट दरवेळी लागतो. पायाच्या ब्रेकला दहातून चार-पाच वेळाच, आणि लागला तरी कधी मंद. पेडल एकाच जागी दाबून धरलं तरी लुकलुकतो. बल्ब १२ व्होल्ट २१/५ वॅटचा, नवीन टाकलाय. स्विचमध्ये गंज सोडवायचा स्प्रे मारला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मल्टिमीटर आहे, पण पिना नेमक्या कुठे लावायच्या?

दहाबाराचा_पाना:
पुढच्या लिव्हरने लाइट नीट लागतो, म्हणजे अर्धा शोध इथेच संपला. दोन्ही स्विच एकमेकांना समांतर जोडलेले असतात, म्हणजे कुठलाही एक जुळला की लाइट लागतो. फ्यूज, बल्ब, होल्डर, अर्थ हे सगळं सामाईक. बल्बवर उगाच खर्च केलात. उरल्या तीन जागा: स्विचची स्प्रिंग आणि सेटिंग, खुद्द स्विच, आणि स्विचपासून हार्नेसपर्यंतच्या (गाडीच्या मुख्य वायरींच्या जुडग्यापर्यंतच्या) दोन वायरी.

मीटर काढण्याआधी एक करा. मागच्या स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) सोडा, चावी ऑन करा, आणि हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. लाइट लागून स्थिर राहिला तर हार्नेस ठीक. तार लावलेली असतानाच वायर फूटरेस्टजवळ आणि साइड कव्हरच्या आत वाकवून-हलवून बघा. तेव्हा लुकलुकला तर तांबं आत तुटलंय. अशी वायर हलकेच ओढली की रबरासारखी ताणली जाते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

तार चॅसिसला टेकू देऊ नका. एका पिनेवर बॅटरीचा प्लस असतो, टेकली की फ्यूज उडालाच.

सोळा_नंबर:
स्विच बदलायच्या आधी सेटिंग बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. क्रम चुकवू नका: आधी पेडलची उंची, मग ब्रेकचा खेळ, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पेडल जेवढं मोकळं दबतं तेवढं अंतर (ड्रमला साधारण २० ते ३० मिमी, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये), आणि सगळ्यात शेवटी स्विच. पेडलची उंची नंतर बदलली की स्विचची सेटिंग पुन्हा करावी लागते.

स्विचच्या अंगावर आटे असतात आणि ब्रॅकेटमध्ये प्लास्टिकचा नट. अंग बोटांनी धरून ठेवा, फिरवायचा फक्त नट. उलटं केलंत तर स्विचबरोबर वायरीही पिळल्या जातात आणि मुळाशी तुटतात. नट डावीकडे की उजवीकडे हे पाठ करू नका, अंग वर सरकतंय की खाली ते बघा. वर सरकलं की लाइट लवकर लागतो, खाली गेलं की उशिरा. ब्रेक चाकाला धरायच्या जरा आधी लागायला हवा.

पेडल आणि स्विच जोडणाऱ्या स्प्रिंगकडेही लक्ष द्या. वेटोळी विरळ झाली असतील किंवा तिचा हूक झिजून पेडलच्या भोकात लोंबत असेल तर स्विचचा दांडा पुरेसा खेचलाच जात नाही.

तारयंत्री:
सेटिंग बिघडली असती तर लाइट उशिरा लागला असता किंवा लागलाच नसता. पेडल स्थिर असताना लुकलुकतो आणि मंदही होतो, म्हणजे संपर्कच खराब आहे. तार लावून हार्नेस ठीक निघाला तर माझा संशय स्विचवरच.

पिना अशा लावा. कपलर जोडलेला राहू द्या, मीटर डीसी २० व्होल्टवर, चावी ऑन. कपलरच्या मागच्या बाजूने स्विचच्या दोन वायरींच्या पिनांना मीटरची दोन टोकं टेकवा. पुढचा लिव्हर दाबू नका, नाहीतर स्विच समांतर असल्याने वाचन शून्याजवळ जाईल आणि फसाल.

पेडल मोकळं: बॅटरीएवढं, म्हणजे १२ च्या वर दिसायला हवं. या एका आकड्यात बरंच कळतं: सप्लाय येतोय, बल्बची फिलामेंट शाबूत आहे, अर्थ मिळतोय. शून्य आलं तर स्विच सोडा, वायरिंग शोधा. (एलईडी दिवा असेल तर आकडा जरा कमी येतो, घाबरू नका.)

पेडल दाबलेलं: ०.२ व्होल्टच्या आत हवं. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तेवढं व्होल्टेज स्विचच खातोय, बल्बला पोचतच नाही. म्हणून मंद.

मीटरच्या बीप मोडवर विसंबू नका. एकच धागा टेकत असला तरी बीप वाजते, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. २१ वॅटची फिलामेंट पावणेदोन अँपिअर मागते, तिथे खरं काय ते कळतं.

सोळा_नंबर:
@तारयंत्री, पटलं. लुकलुकण्याकडे माझं दुर्लक्ष झालं.

ओली_चावी:
जाता जाता एक प्रश्न. माझ्या गाडीचा ब्रेकलाइट सतत चालूच राहतो. पुढचा लिव्हर नवीन बसवल्यापासून.

तारयंत्री:
@ओली_चावी, पुढे मायक्रोस्विच असेल तर लिव्हर सुटल्यावर तो स्विचचं बटण दाबून धरतो आणि सर्किट तुटतं. नव्या लिव्हरचा उंचवटा आखूड असेल तर बटण दबतच नाही. बोटाने बटण दाबा; लाइट विझला तर लिव्हर चुकीचा, नाही विझला तर स्विच अडकलाय किंवा मागच्या स्विचची स्प्रिंग ताणलेली आहे. मागचा कपलर काढला की तेही लगेच कळेल. असंच चालवू नका, मागच्याला तुमचा ब्रेक कळणारच नाही, शिवाय बल्बच्या उष्णतेने काचही खराब होऊ शकते.

चेनकव्हर:
तार जोडली, लाइट स्थिर, वायर हलवूनही फरक नाही. मीटर: मोकळं १२.४. दाबल्यावर ०.३ ते ४ च्या मध्ये नाचतंय.

दहाबाराचा_पाना:
मग संशयाला जागा नाही, स्विच बदला. ४ व्होल्ट स्विचमध्ये गेल्यावर बल्बला आठ-साडेआठच उरतात.

स्प्रेचं कारणही तेच. आत दांड्यावर तांब्याची पट्टी दोन संपर्कांवर सरकते. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याने संपर्क काळवंडतात. स्प्रेने वरचा थर तात्पुरता सुटतो, पण तेलाचा पातळ थर मागे राहतो आणि धूळ धरतो. साफ करायचाच असेल तर वाळून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर.

नवीन स्विचच्या दोन वायरींत प्लस-मायनस नसतो, कशाही जोडा. कपलरच्या पिना हिरवट असतील तर त्याही घासून घ्या. दांड्यावरची रबरी टोपी नीट बसवा, पाणी तिथूनच शिरतं. वायर सायलेन्सरपासून दूर, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ताण येणार नाही इतकी सैल ठेवून बांधा. जुनी स्प्रिंग वापरू नका. नव्या स्विचबरोबर आली नसेल तर त्याच मॉडेलची घ्या. आखूड स्प्रिंग लावली तर ओली_चावींसारखा लाइट सतत पेटलेला राहील.