नवीन लॅपटॉपवर लिनक्स चढेल का, घ्यायच्या आधी कसं बघायचं?

विश्रामबागचा_गडी: सांगलीत एका दुकानात लॅपटॉप बघून आलोय, पैसे उद्या द्यायचेत. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचंय पण दुकानदार म्हणतो यात विंडोजशिवाय काय चालत नाही आणि सील फोडलं की परत घेणार नाही, मग आधी कळणार कसं लगा?

हळदवाला: डेमो पीस असतोय की. चालू करताना एफ२ दाबत राहा, काही कंपन्यांत एफ१० नायतर डिलीट, आत बायोसात (लॅपटॉपची मूळ सेटिंग) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टीम चालू होऊ न देणारं कुलूप, बंद करता येतंय का आणि पेनड्राइव्हवरून बूट होतंय का बघ. तसं उबंटूला ते बंद करायची गरज नसती, त्याच्या शिमवर (बूट होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टची सही असते.

कृष्णाकाठ: सही असली तरी काही नव्या मशीनवर थर्ड पार्टी सीए (विंडोज सोडून बाकीच्या सिस्टीमच्या सह्या मानायचं सेटिंग) बंद असतं, ते चालू करायला लागतं. माझं घोडं भलतीकडंच अडलं, इन्स्टॉलरला एसएसडीच दिसेना, रात्री दोनपर्यंत डोकं लावलं, शेवटी बायोसात व्हीएमडी (इंटेलचं डिस्क सांभाळायचं सेटिंग) बंद केल्यावर दिसली, पण त्यानं विंडोज उठेना झालं. तू विंडोज ठेवणार असशील तर आधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप, अडलं की ही किल्ली मागतं) ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिही, त्याच लॅपटॉपमधी सेव्ह करू नको म्हणजे झालं 😄

विश्रामबागचा_गडी: उबंटूचा पेनड्राइव्ह घेऊन गेलतो, दुकानदारपण भडंग खात बघत बसला. ट्राय उबंटू (इन्स्टॉल न करता चालवून बघायचं) चाललं, वायफाय, टचपॅड, आवाज ओके. घेतला.