सांडशी, पक्कड की गावी? आपल्या घरातील शब्द आणि अनुभव लिहा

तापलेले पातेले उतरवण्याच्या साधनाला माझ्या घरी सांडशी म्हणतात, शेजारी पक्कड म्हणतात, तर कोकणातून आलेल्या काही घरांत त्यालाच गावी म्हणतात. सांडशीचे मूळ संस्कृत ‘संदंश’ म्हणजे दोन्ही बाजूंनी चावा घेणारे साधन. त्यातील ‘दंश’मधल्या द चा मराठीत ड झाला, आणि हेच डसणे, डंख व डास या शब्दांतही घडले आहे. रोजच्या वापरातला सांडशी हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर मागे पडत चालला आहे, म्हणून आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

इंदूरहून : आम्ही घरात सांडशी म्हणत असू, पण शेजारच्या हिंदी घरांत तिला संडासी म्हणत. सुटीत पुण्याहून आलेली भावंडे तो शब्द ऐकून हसत, तेव्हा मला शेजारच्या काकूंसाठी फार वाईट वाटे. दोन्ही रूपे एकाच ‘संदंश’पासून आली आहेत, हे त्या वयात ठाऊक असते, तर मी भावंडांना नक्की सांगितले असते.

बडोद्याहून : येथे गुजरातीत साणसी म्हणतात. लग्नानंतर नवा प्रदेश आणि नवी भाषा यांच्याशी जुळवून घेताना स्वयंपाकघरातला हा शब्द मला पहिल्याच दिवशी समजला.

कोल्हापूरहून : आमच्याकडे पिढीजात सोनारकाम आहे. भट्टीतून मूस, म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे, उचलण्याच्या मोठ्या साधनाला आजोबा सांडस म्हणत आणि लहानाला सांडशी. चिमट्याला सांडशी म्हटलेले त्यांना मुळीच चालत नसे, कारण चिमट्याची पाती एका टोकाला जोडलेली असून स्वतःच्या ताणाने उघडतात, तर सांडशीच्या दोन पात्यांमध्ये खिळा असतो आणि त्या खिळ्यामुळेच हाताचा जोर तोंडाशी पोचतो. हा भेद शब्दांत टिकला पाहिजे, असे मलाही मनापासून वाटते.

नाशिकहून : वरील अनुभवाला माझ्या आयुर्वेदाच्या शिक्षणातून पुस्ती जोडतो. सुश्रुतसंहिता या शस्त्रक्रियेवरील प्राचीन ग्रंथात 101 यंत्रे, म्हणजे शस्त्रक्रियेची साधने, सांगितली आहेत आणि त्यांत संदंश यंत्रे दोन आहेत. त्यांची लांबी 16 अंगुळे, म्हणजे बोटांच्या रुंदीइतकी मापे, असून त्वचा, मांस, शिरा आणि स्नायू यांत रुतलेले शल्य, म्हणजे काट्यासारखी बाहेरची वस्तू, काढण्यासाठी ती वापरावीत, असे तेथे म्हटले आहे. त्यांतील एक सनिग्रह व दुसरे अनिग्रह. सनिग्रह म्हणजे खिळ्याने जोडलेले, असा अर्थ आम्हाला शिकवला गेला. तो पाठ ऐकताना मला आईची सांडशी आठवली होती आणि परीक्षेत तो प्रश्न त्यामुळेच सोपा गेला.

ठाण्याहून : आमच्याकडे पक्कडच म्हणतात. ‘पकडणे’ हे क्रियापद मराठीत पूर्ण रुळलेले असल्यामुळे हा शब्द परका मानू नये, असे मला वाटते. अडचण एवढीच, की वायरमनच्या हत्यारालाही आम्ही पक्कडच म्हणतो, त्यामुळे कोणती हवी ते प्रत्येक वेळी वेगळे सांगावे लागते. सांडशी म्हटल्यावर ती वेळ येत नाही.