विषय: पुन्हा तीच गाडी (अल्टरनेटर बदलावा का?)

सप्रेम नमस्कार,
ज्या बॅटरीवरून गेल्या सुट्टीत इतकी चर्चा झाली, ती बदलली तरी नागपुरात बाबांची गाडी सकाळी सेल्फ घेत नाही आणि मिस्त्री अल्टरनेटरच (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदला म्हणतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.२ व्होल्ट दाखवतो आणि इंजिन सुरू केल्यावर १४.१, मात्र एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावताच आकडा १२.७ वर उतरतो. चालू इंजिनात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, असे मिस्त्रीचे म्हणणे आहे. परवा माझे परतीचे विमान आहे. ती वायर काढू का?
– धरमपेठकर

मुळीच काढू नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हे खपून जात असे. आज बॅटरी मध्येच तोडली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि गाडीचा संगणक जळू शकतो. आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट सैल आहे का ते पाहावे. सहलीच्या व्हॅनचा दोषही बेल्टच निघाला होता, हे मी तेव्हाच सांगितले होते.
– माजी खजिनदार

व्हॅनचा बेल्ट कोणी शोधला, हे इतिवृत्तात नोंदलेले आहे. शिवाय अनेक नव्या गाड्यांत संगणकच चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून केवळ १२.७ पाहून अल्टरनेटर दोषी ठरवणे घाईचे होईल.
– सचिव

सचिवांचे म्हणणे खरे असले तरी इतका भार टाकल्यावर आकडा सहसा १३.५ च्या आसपास राहायला हवा. धरमपेठकरांनी इंजिन चालू ठेवून, सर्व दिवे लावूनच मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावे, ०.२ व्होल्टहून अधिक आले तर अर्थिंगमध्ये (बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनाला जोडणाऱ्या वायरीत) दोष आहे. तसेच अल्टरनेटरच्या जाड तारेचा बोल्ट आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यामध्येही पाहावे. टोके पंखा आणि बेल्टपासून दूर धरावीत. वाहनांच्या वायरिंगचेच काम करत असल्यामुळे सांगते, कितीतरी अल्टरनेटर विनाकारण बदलले जातात.
– वाचनालय विभाग

वहिनी, पॉझिटिव्ह बाजूला ०.१ आले, पण इंजिन आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये चक्क १.१! अर्थिंगच्या वायरीचे थिंबल (टोकाची धातूची कडी) हिरवे पडून अर्धे कुजले होते. पाना लावून ते सोडवले, पॉलिश पेपरने घासले, वायर तूर्त घट्ट आवळली आणि नवी मागवली. आता सर्व भार चालू असताना १३.७ येतात. खिडकीतल्या कूलरचे पाणी दर उन्हाळ्यात त्याच बाजूच्या बॉनेटवर ठिबकते, हे बाबांना मान्य आहे. कूलर हलवणे मान्य नाही.
– धरमपेठकर

बेल्ट पाहिला का?
– माजी खजिनदार