कुलवृत्तांत छापून झाला, आता कुलमंडळ कसं टिकवायचं?

कार्यवाह_पुणे
नमस्कार मंडळी. आमच्या आडनावाचं कुलमंडळ आहे, गेली सहा वर्षं मी कार्यवाह म्हणून बघतोय. २००८ मध्ये कुलवृत्तांत, म्हणजे कुळाच्या वंशावळीचं पुस्तक, निघाला तेव्हा काय उत्साह होता, संमेलनाला कार्यालय पुरेना, इंदूर बडोद्याहून लोक आले, भिंतीवर वंशवेलीचा लांबच्या लांब फ्लेक्स लावलेला आणि त्याच्यापुढे माणसं आपलं नाव बोटाने शोधत उभी. छपाईनंतर ज्यांच्या घरी बाळ झालं होतं त्यांनी स्केचपेनने नाव लिहून रेघ जोडली. पुस्तक घरोघरी गेलं आणि मग सगळं थंड पडलं.

आता सभासद जवळजवळ सगळे आजीव, एकदाच ५०० रुपये भरलेले, ते मुदत ठेवीत आहेत आणि व्याजातून अंकाची छपाई नि पोस्ट भागत नाही. अंक परत येतात, पत्ता बदललेला असतो. सभासद वारला की मुलांना वाटतं बाबा होते म्हणजे आम्ही आहोतच, आमच्या यादीत मात्र ते घरच संपलेलं असतं. वार्षिक सभेला २२ जण, त्यातले ११ कार्यकारिणीचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस, बास. नवीन माणसं कशी आणायची आणि आलेली टिकवायची कशी? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, माझा जीव अडकलाय यात.

गुहागरकडचा
साहेब, आमचंही अगदी हेच झालेलं. कुलदैवत व्याडेश्वर, पुस्तक निघालं आणि मंडळ झोपलं. मला उलगडा झाला तो त्र्यंबकेश्वरला. चुलतभावाबरोबर आईच्या विधीसाठी गेलो होतो, घरातली तीन कॉलेजची मुलंही बरोबर होती. उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, कापडात बांधलेली उभी वही काढली आणि पानं उलटत आमच्या आजोबांच्या सहीवर बोट ठेवलं. वर मोडीत पणजोबांची नोंद, खाली भावांची नावं. मुलं बघतच राहिली. पण खरी गोष्ट पुढे आहे, उपाध्याय म्हणाले आता तुम्ही लिहा, कोण जन्मलं कोण गेलं ते, आणि खाली सही करा. मुलांनी स्वतःच्या हाताने स्वतःची नावं लिहिली. त्या तिघांतली दोघं आज मंडळाचं काम करतात.

या वह्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या कशामुळे, तर जो येईल त्याच्याकडून पुढची नोंद करून घेतात म्हणून. आपण काय करतो, सभासद व्हा, वर्गणी भरा, पुस्तक घ्या. माणसाने पुस्तक घेतलं की त्याचं काम संपलं. आम्ही हे उलटं केलं. प्रत्येक घराण्याला एक संपर्क माणूस, त्याच्याकडे १५-२० घरं, दिवाळीच्या आसपास त्याने फोन करायचा आणि वर्गणीचा विषयच काढायचा नाही. एवढंच विचारायचं की गेल्या वर्षात घरात काय काय झालं, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोण गेलं, कोण कुठे राहायला गेलं. पत्ते आपोआप दुरुस्त होतात. वर्षाची पुरवणी चार-सहा पानांची काढतो, ज्याची नोंद आली त्याला ती आधी पाठवतो. वर्गणी मग लोक स्वतःहून विचारतात. नवीन आजीव सभासद घेणं बंद केलंय, आता सगळी वार्षिक, घरटी, माणशी नाही. घर सभासद असलं की वडील गेल्यावर प्रश्नच येत नाही.

दोन गोष्टी जाता जाता. आडनाव जोशी, कुलकर्णी, देशपांडे असं हुद्द्यावरून पडलेलं असेल तर गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव तिन्ही विचारल्याशिवाय कोणालाही वेलीत जोडू नका, नाहीतर दहा वेगळी कुळं एकात घुसतात आणि मग भांडणं. आणि मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, द्यायचा असतो, तो राहून गेला की पुढे बँकेत सह्यांपासून सगळं अडतं. आमचं अडलं होतं.

माहेरवाशीण
वरच्या दादांचं पटलं, पण वही असो की पुस्तक, त्यात आम्ही कुठे असतो? आमच्या कुलवृत्तांतात माझ्या वडिलांच्या नावापुढे छापलंय "कन्या ३". नावं नाहीत. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने आमचं घर तिथेच संपलं. मी ते पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबा शेजारी बसलेले होते आणि ते काही बोलले नाहीत, ते अजून आठवतं.

नंतर आमच्या मंडळाने घटना दुरुस्त केली, लेकी आणि त्यांची मुलं पूर्ण सभासद, मतदानासकट. सोपं नव्हतं, दोन सभा त्यावरच गेल्या, एक काका म्हणाले आडनाव बदललं की कूळ बदललं. पण ठराव झाला आणि पुढच्या संमेलनाला कधी न आलेल्या बायका आल्या, नवरे-मुलं घेऊन. आज कार्यकारिणीत आम्ही चौघी आहोत आणि सगळी वंशवेल ग्रॅम्प्समध्ये चढवायचं काम मी करते. फुकट आहे ते सॉफ्टवेअर, गेडकॉम फाईल (वंशावळीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते ती) काढून ठेवता येते म्हणजे उद्या मी नसले तरी दुसरा कोणी उघडू शकेल. कार्यवाहसाहेब, तुम्ही माणसं शोधताय ना, अर्धं कूळ तर तुमच्या यादीच्या बाहेरच उभं आहे. आणि सुनांची माहेरची नावंही लिहा, नुसतं "सौ. लक्ष्मी" लिहून कोणाला काय कळणार.

अंत्रुजकार
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेने हक्कदार असलेल्या घराण्यांतल्या लोकांच्या, याद्या आहेत, पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवस्थानांचा कायदा केला तेव्हापासून रीतसर. त्याही पुरुषांच्याच नावाने, ताईंचं म्हणणं बरोबर आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी, आम्हाला संमेलन भरवावं लागत नाही. जत्रेची तिथी ठरलेली असते, कारवार मंगळूर मुंबईची माणसं त्या दिवशी येणारच. तुम्ही दर वेळी नवीन तारीख, नवीन कार्यालय, नवीन खर्च करता. कुलदैवताच्या उत्सवालाच जोडून घ्या, प्रसादाच्या पंगतीनंतर दोन तास सभा.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था आहे, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज, १९७९ सालची. त्यांच्याकडे जो आडनाव नोंदवतो त्याने त्या आडनावाबद्दल येणाऱ्या प्रत्येक रास्त चौकशीला उत्तर द्यायचं ही अट असते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मी स्वतः आमच्या मंडळाला पणजोबांबद्दल तीन मेल केले, उत्तर नाही, चौथा केला नाही. परदेशातली मुलं रात्री अकराला कधीतरी आठवण येऊन लिहितात, त्या एका मेलला "मिळालं, बघून सांगतो" एवढं जरी आलं तरी माणूस धरून राहतो.

आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि फोन पीडीएफमध्ये टाकून ग्रुपवर फिरवू नका. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव म्हणजे बँका ओळख पटवायला विचारतात तेच. गेलेल्यांचं सगळं छापा, जिवंतांचं नाव आणि गाव पुरे, बाकी विचारून.

कार्यवाह_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आमच्या पुस्तकातही "कन्या" पुढे आकडाच आहे, मी काल रात्री बसून मोजलं, ८७ ठिकाणी.

आज माळ्यावरून तो फ्लेक्स काढला. स्केचपेनने लिहिलेली १९ नावं आहेत, एकही आमच्या रजिस्टरला चढलेलं नाही, ती बाळं आता बारावीला असतील. म्हटलं सुरुवात इथूनच करू. पहिला फोन सांगलीला लावला, आमच्यातल्या एक आत्या, वय ८४. वर्गणीचं काढलं नाही, घरात काय चाललंय एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या थांब चष्मा घेते, वही आहे माझ्याकडे, आणि मग म्हणाल्या हं, लिहून घे. अकरा नावं दिली, तिथीसकट. त्यातली सात त्यांच्या लेकींकडची.