विषय: चिप्सची पेटी खुळखुळते आहे

प्रेषक: साहित्य समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

कोजागिरीनंतर मंडळाची पोकरची पेटी माझ्याकडे आली आहे. ५०० चिप्सची (खेळात गुण मोजायच्या, नाण्यांसारख्या गोल) ॲल्युमिनियमची पेटी, आत पाच-पाच खाचांचे दोन भाग. गाडीतून उतरवतानाच आत सगळं खुळखुळलं. घरी उघडली तर सगळे रंग एकमेकांत मिसळलेले, काही चिप्स पत्त्यांच्या कॅटाखाली गेलेल्या, काही झाकणाच्या स्पंजाला टेकलेल्या. मोजल्या तर ४८७ भरल्या: पांढऱ्या १४२, लाल १४६, हिरव्या ९९, निळ्या ५० आणि काळ्या ५०. बऱ्याच चिप्सच्या कडा खरचटल्या आहेत.

दिवाळीच्या तीन पत्तीला अकरा दिवस राहिले. गुणांसाठीच खेळतो आपण, पण रंग मोजून वाटता आले नाहीत तर पहिला अर्धा तास त्यातच जाईल. नवीन पेटी घ्यायची का? खजिनदारांनी सांगावं, म्हणजे वेळेत मागवता येईल.

---

प्रेषक: एक जुने सभासद
प्रति: सर्व सभासद

तुझी मेल वाचली. नवीन पेटी घेऊ नका. पेटी चांगली आहे, बिजागऱ्या घट्ट आहेत. चूक भरण्यात आहे.

मी पिंपरीला टूलरूममध्ये तपासणीचं काम केलं आहे, त्यामुळे ही पेटी पहिल्यांदा हातात आली तेव्हाच कॅलिपर लावून पाहिला होता. चिपची जाडी ३.३ मिलिमीटर. पन्नासांची चळत १६५ भरते आणि खाच आहे १७० ची. हे पाच मिलिमीटर बनवणाऱ्याने मुद्दाम सोडलेले आहेत, कारण प्रत्येक चिप ०.१ ने जाड निघाली तर पन्नासांत तेवढाच फरक पडतो आणि शेवटची चिप बसत नाही. पण आपण ती जागा तशीच मोकळी ठेवतो. मूठ धरून पेटी उचलली की ती उभी राहते आणि सगळी मोकळी जागा वरच्या टोकाला जमा होते. तिथली चिप तिरकी होते, झाकणाच्या फटीतून निसटते, आणि मग तिच्या मागच्या सुटतात. गाडी चालू असेपर्यंत त्या एकमेकींवर घासत राहतात. कडा खरचटल्या आहेत त्या अशा.

म्हणून प्रत्येक खाचेच्या टोकाला जाड फेल्टच्या, म्हणजे तंतू दाबून केलेल्या मऊ कापडाच्या, चकत्या घाल. तीन मिलिमीटरचं फेल्ट मिळतं, त्याच्या दोन चकत्या थोड्या दाबल्या जाऊन नेमक्या बसतात. स्पंज वापरू नकोस. पॉलियुरेथेनचा स्पंज काही वर्षांनी चिकट होतो, त्याचा भुगा पडतो आणि तो चिप्सवरून निघता निघत नाही. खाच बरोबर भरली आहे का ते असं ओळखायचं: मधली एक चिप दोन बोटांनी उचलता आली पाहिजे, पण पेटी उभी केल्यावर आवाज येता कामा नये. चिप उचलायला नख घालावं लागलं, तर एक चकती काढ.

दुसरी सैल जागा झाकणाखाली आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. झाकणाचा स्पंज दबून बसला आहे, तो आता चिप्सना टेकत नाही. फ्रिजच्या दाराचं रबर तपासतो तसं कर. कागदाची एक पट्टी चिप्सवर ठेव, झाकण लाव आणि पट्टी ओढ. अलगद निघाली तर झाकण सैल आहे. किंचित अडखळून निघाली तर बरोबर. झाकण दाबून बंद करावं लागत असेल तर भर जास्त झाली, आणि मग कड्यांचे रिव्हेट उखडतील. आपल्या पेटीला वरून फेल्टचा एक अखंड तुकडा पुरेल असं मला वाटतं.

आता मोजणीचं. कॅसिनोत चिप्स वीस-वीसच्या चळतीत ठेवतात, आणि अशा पाच चळतींचा शंभराचा ट्रे असतो. आपली खाच पन्नासाची आहे, म्हणून वीस, वीस आणि दहा असं करू. मध्ये जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या गोल चकत्या घाल. शंका आली तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घे. आपली चिप ११.५ ग्रॅमची आहे, म्हणजे वीस चिप्स २३० ग्रॅम. एक कमी असेल तर काटा लगेच सांगतो. पन्नास एकदम तोलू नकोस. प्रत्येक चिपच्या वजनात थोडा फरक असतो, तो साठत जाऊन एका चिपएवढा होऊ शकतो.

आणि हरवलेल्या तेरा चिप्सची जागाही भरायला हवी. आठ पांढऱ्या कमी म्हणजे एका खाचेत २६ मिलिमीटरचं भगदाड, ते चकत्यांनी भरत बसू नकोस. कपाखाली ठेवायची कॉर्कची कोस्टर्स गोल कापून चिकटव, आणि त्या ठोकळ्यावर ठळक ८ लिही. लाल खाचेत ४ चा, हिरव्या खाचेत १ चा. पेटी कोणीही उघडो, किती चिप्स बाहेर आहेत ते विचारावं लागणार नाही.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
प्रति: सर्व सभासद

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझं इतकंच म्हणणं की आधी चिप्स धुऊन घ्या. चिवड्याचा तेलकट हात लागलेला असतो, त्यावर धूळ बसते आणि चळत चिकटते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. स्टिकरवाल्या असतील तर भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. मग टॉवेलवर पसरून रात्रभर सुकू द्या. आपल्या बेसमेंटमध्ये दमट असतं, ओल्या चिप्स बंद पेटीत गेल्या की कुबट वास बसतो.

माझं माहेर सावंतवाडीचं. तिथल्या दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते रंगवलेल्या लाकडी पेटीत येतात, वर सरकतं झाकण. त्या पत्त्यांवर लाखेचा थर असतो, आत हलले की एकमेकांवर घासून रंग जातो. आमच्या आजीने पेटीत उरलेल्या फटीत जुन्या नऊवारीची घडी घातली होती. पेटी कितीही हलवा, आवाज येत नसे. फेल्ट कमी पडलं तर माझ्याकडे गोधडीसाठी जमवलेले सुती तुकडे आहेत, शनिवारी घेऊन येते.

---

प्रेषक: साहित्य समिती
प्रति: सर्व सभासद

काका, ताई, मनापासून धन्यवाद. शनिवारी तिघींनी बसून पेटी भरली. तीन तास लागले, त्यातला निम्मा वेळ चकत्या कापण्यात गेला. आठ खाचांना फेल्टच्या दोन-दोन चकत्या बसल्या. काळ्या आणि निळ्या चिप्स फारशा वापरल्या गेलेल्या नाहीत, त्या किंचित जाड भरतात, म्हणून त्या खाचांना एकच पुरली. झाकणाला ताईंनी आणलेल्या सुती कापडाची दुहेरी घडी शिवून लावली. कागदाची पट्टी आता अडखळून निघते. पेटी घेऊन दोनदा जिने चढले-उतरले, एकदाही आवाज आला नाही.

आज दुपारी कोजागिरीच्या दुधाच्या पेल्यांच्या खोक्यात तीन पांढऱ्या चिप्स सापडल्या, म्हणून एकूण ४९० झाल्या. कॉर्कचा ठोकळा दहा मिलिमीटरने कापला आणि ८ खोडून ५ लिहिलं. बाकी दहा चिप्स कोणाच्या पर्समध्ये, कुर्त्याच्या खिशात किंवा मुलांच्या खेळण्यांत असतील तर कृपया बघा. मुलं त्यांची दुकानं मांडतात, हे मी माझ्याच घरी पाहिलं आहे.

दिवाळीच्या रात्री खेळ संपला की प्रत्येक टेबलाने आपल्या चिप्स रंगानुसार वीस-वीसच्या चळती करून द्याव्यात. भरायला मी आणि काका थांबू. पेटी गुरुवारपर्यंत माझ्याकडे आहे, हॉलवर नेणाऱ्याने त्याआधी फोन करावा.